चामड्याचा बूट पायाला बसतो का? नंबरापलीकडची तपासणी

सकाळच्या पाळीच्या वेळी हडपसरमध्ये दोन तऱ्हेचे बूट रस्त्यावर दिसतात. औद्योगिक वसाहतीकडे वळणारे पाय जाड सोलच्या, पुढे पोलादी टोपी बसवलेल्या सुरक्षा बुटांत असतात. मगरपट्टा सिटीतल्या बँका, रुग्णालये आणि कार्यालयांकडे जाणारे बरेच पाय काळ्या किंवा तपकिरी फॉर्मल बुटांत असतात. दोन्ही बुटांचे काम वेगळे, किंमत वेगळी. पण तक्रार मात्र एकच ऐकू येते, ‘बूट चावतो’. त्यावर सांगितला जाणारा उपायही एकच असतो, ‘एक नंबर मोठा घ्या’. बहुतेक वेळा हा उपाय चुकीचा ठरतो, कारण चावणारा बूट अनेकदा लांबीला नव्हे, रुंदीला कमी असतो. चामड्याचा बूट निवडताना नंबर हा फक्त सुरुवातीचा अंदाज असतो. बूट बसतो की नाही, हे पायाच्या चार-पाच ठिकाणी तपासल्याशिवाय कळत नाही.

नंबर म्हणजे नेमके काय?

बूट ज्या पायाच्या आकाराच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर बेतला जातो, त्याला कारागीर फर्मा म्हणतात. बुटावर लिहिलेला नंबर हा पायाचा नसून या फर्म्याच्या लांबीचा असतो. भारतात अजूनही प्रामुख्याने ब्रिटिश नंबर वापरले जातात. त्यांचे मूळ एकक म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग. त्यामुळे एका नंबरात सुमारे ८.५ मिलिमीटर आणि अर्ध्या नंबरात सुमारे ४.२ मिलिमीटरचा फरक पडतो. या हिशेबाने आठ नंबरचा फर्मा ११ इंच, म्हणजे जवळजवळ २८ सेंटिमीटर लांब असतो.

युरोपीय नंबराची पायरी सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांश इतकी, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर असते. ४२ नंबरचा युरोपीय फर्माही २८ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणून आठ आणि बेचाळीस हे आकडे एकाच डब्यावर शेजारी छापलेले दिसतात. पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी नंबर साधारण एकाने जास्त असतो.

२८ सेंटिमीटरच्या फर्म्यात २८ सेंटिमीटरचा पाय मात्र मावत नाही. चालताना बोटांना पुढे सरकायला जागा लागते, म्हणून फर्मा पायापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब ठेवला जातो. टोकदार बुटात ही मोकळी जागा आणखी वाढवावी लागते. ती किती ठेवायची हे प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने ठरवतो. एका कंपनीचा आठ नंबर सैल आणि दुसरीचा घट्ट लागतो, त्याचे मुख्य कारण हेच. नंबर लांबीबद्दल थोडेफार तरी सांगतो, पण रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही.

रुंद पाय, अरुंद फर्मा

ब्रिटनमध्ये रुंदीसाठी अक्षरे वापरतात. पुरुषांच्या बुटात ‘एफ’ ही मध्यम रुंदी मानली जाते आणि ‘जी’, ‘एच’ या त्याहून रुंद. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत मात्र एका नंबरात एकच रुंदी मिळते.

भारतीय पायांची खरी मापे घेण्याचा मोठा प्रयत्न अलीकडे झाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, असे त्यात दिसून आले. त्यावरून देशासाठी स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. ‘भारत’मधल्या पहिल्या अक्षरावरून तिला ‘भ’ असे नाव देण्यात आले. या पद्धतीत रुंदीचाही विचार केलेला आहे.

पाय रुंद असण्यामागे अनवाणी किंवा मोकळ्या चपलेत गेलेल्या वर्षांचाही वाटा असू शकतो. दक्षिण भारतात सतत अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांचा बेल्जियमच्या संशोधकांनी अभ्यास केला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनवाणी चालणाऱ्यांचे पाय पुढच्या भागात रुंद आढळले आणि तळव्यावरचा दाबही अधिक समान विभागलेला दिसला. लहानपण चपलेत गेलेला माणूस पहिल्या नोकरीसाठी बंद बूट घेतो आणि चवड्याला घट्ट लागल्यावर आपलेच पाय ‘वेडेवाकडे’ आहेत असे समजतो. खरे तर तो फर्मा त्याच्या पायासाठी नसतो.

एक नंबर वाढवल्यावर काय होते?

समजा, आठ नंबरचा बूट चवड्यात, म्हणजे बोटांच्या मुळाशी आवळतो. नऊ नंबर घेतला तर लांबी ८.५ मिलिमीटरने वाढते. चवड्याभोवतीचा घेर सुमारे ६ मिलिमीटरने वाढतो, पण तो वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी वाटला जातो. प्रत्यक्ष रुंदीत मिळतात ते जेमतेम दोनेक मिलिमीटर. म्हणजे रुंदी हवी होती, मिळाली लांबी.

या जास्तीच्या लांबीने दोन बिघाड होतात. पहिला टाचेशी. बूट मागून सैल होतो, प्रत्येक पावलाला टाच वर-खाली घासते आणि फोड येतात. दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही. चालताना पाऊल जिथे वाकते, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाच्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर, बूटही तिथेच वाकला पाहिजे. लांब बुटाची वाकण्याची जागा पुढे सरकते. मग पाय एका ठिकाणी आणि बूट दुसऱ्या ठिकाणी वाकतो, वरचे कातडे बोटांवर चुरगळून टोचते आणि पाय पुढे घसरून बोटे टोकावर आदळतात. मोठा बूट घेऊनही बोटे दुखतात ती यामुळे.

म्हणून चवड्यात आवळणाऱ्या बुटाला खरा पर्याय म्हणजे त्याच नंबरातला रुंद बूट किंवा दुसऱ्या आकाराच्या फर्म्यावर बनलेला बूट. तो एका दुकानात नसेल, तर दुसऱ्या कंपनीत शोधावा लागतो.

घरी पाय कसा मोजावा?

पाय संध्याकाळी मोजावा. दिवसभर उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर तो थोडा सुजतो आणि बुटात त्याला त्याच अवस्थेत राहायचे असते. जे मोजे त्या बुटात घालायचे, तेच मोजे मोजतानाही घालावेत.

१. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवावा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण भार पडल्यावर पाऊल पसरते.

२. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पायाची आकृती काढून घ्यावी. स्वतः वाकले की भार बदलतो.

३. भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे त्याच्या शेजारचे बोट लांब असते.

४. अंगठ्याच्या मुळाचा सांधा आणि करंगळीच्या मुळाचा सांधा यांमधली रुंदी मोजावी. शिंप्याची टेप असेल, तर त्याच ठिकाणी पायाभोवतीचा घेरही मोजावा.

५. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचे दोन पाय अगदी सारखे नसतात. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. लहान पायाच्या बुटात पातळ आतला तळ घालता येतो.

ही मापे मिलिमीटरमध्ये फोनमध्ये टिपून ठेवली की ऑनलाइन खरेदीतही उपयोगी पडतात. मात्र कंपनीच्या तक्त्यातले सेंटिमीटर पायाच्या लांबीचे आहेत की आतल्या तळाच्या लांबीचे, हे आधी वाचून घ्यावे. दोन्हींत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक असतो. मागवलेला बूट घरात चादरीवर किंवा सतरंजीवर चालून पाहावा. सोल खराब झाला तर परत करताना अडचण येते.

दुकानात कुठे-कुठे तपासावे?

बूट पायात घातल्यावर टाच मागे नीट टेकवावी आणि मग लेस बांधावी. त्यानंतर खालच्या गोष्टी पाहाव्यात.

चवडा : पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात बसला पाहिजे. ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी. करंगळीच्या बाजूला कातडे सोलच्या बाहेर फुगलेले दिसले, तर बूट अरुंद आहे.

बोटे : सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर जागा असावी. बोटे आतल्या आत हलवता आली पाहिजेत. टोकदार बुटात टोकाची रिकामी जागा मोजायची नसते. बोटे जिथे संपतात तिथल्या रुंदीकडे पाहायचे असते.

टाच : चालताना टाच घट्ट धरलेली वाटावी. कडक सोलच्या नव्या बुटात टाच अगदी किंचित उचलली जाते. सोल वाकायला लागला की ते कमी होते. पण पाऊल टाकताना बूट मागे राहत असेल, तर तो सैल आहे.

पावलाचा वरचा भाग : लेस बांधल्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये साधारण एक सेंटिमीटर अंतर उरावे. पट्ट्या नव्या बुटातच एकमेकींना भिडल्या, तर कातडे सैल झाल्यावर आवळायला जागा राहणार नाही. अंतर खूप मोठे राहिले, तर तो बूट उंच पावलासाठी नाही.

घोटा : बुटाची कड घोट्याच्या हाडाला लागता कामा नये. कातडे सैल होते, पण ही कड खाली जात नाही.

नुसते उभे राहून समजत नाही. दुकानात पाच-दहा मिनिटे चालावे, पायरी असेल तर चढावी-उतरावी. उतरताना बोटे पुढे आदळली, तर बूट लांबीला कमी आहे किंवा लेसजवळ सैल आहे. आतला तळ निघत असेल, तर तो बाहेर काढून त्यावर उभे राहणे ही सोपी चाचणी आहे. पाय तळाच्या बाहेर ओघळला, तर बूट अरुंद असणार.

‘घातल्यावर सैल होईल’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे असते. अस्सल कातडे चवड्याच्या रुंदीत थोडे ताणले जाते, लांबीत नाही. रेक्झिन किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेले साहित्य फारसे ताणलेच जात नाही.

फॉर्मल बूट : कोणत्या पायाला कोणता?

लेसच्या फॉर्मल बुटांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या पट्ट्या पुढच्या कातड्याच्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बूट बंद आणि नेटका दिसतो. पण तो फारसा उघडत नाही. डर्बीमध्ये पट्ट्या पुढच्या कातड्यावर शिवलेल्या आणि खालून मोकळ्या असतात. उंच पाऊल, रुंद चवडा किंवा संध्याकाळी सुजणारे पाय असतील, तर डर्बी अधिक सोयीचा.

लोफरला लेस नसते, म्हणजे चूक सुधारायची सोयच नसते. तो पहिल्याच दिवशी टाचेला आणि पावलाला अंगाबरोबर बसायला हवा. लोफर सैल घेतला, तर पाय पुढे घसरू नये म्हणून बोटे दिवसभर आवळून धरावी लागतात.

बायकांच्या फॉर्मल बुटांत आणखी एक प्रश्न असतो. टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार चवड्यावर सरकतो आणि पाय पुढे घसरतो. त्यात पुढचा भाग टोकदार असेल, तर बोटे एकमेकांवर दाबली जातात. अंगठ्याच्या मुळाचे हाड बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी अशा बुटांपासून लांब राहिलेले बरे. कमी उंचीची, रुंद बुडाची टाच आणि गोलसर पुढचा भाग असलेला बूटही तितकाच औपचारिक दिसतो.

सुरक्षा बूट : इथे चूक महाग पडते

फोर्जिंग, यंत्रजोडणी किंवा गोदामाच्या कामात बूट कंपनीकडून मिळतो आणि नंबर विचारून दिला जातो. पण पोलादी टोपी ताणली जात नाही. चवड्याला कमी पडणारे कातडे महिनाभरात थोडे तरी जागा देते. टोपी कधीच देत नाही. गुडघ्यावर बसून किंवा वाकून काम करताना टोपीची मागची कड बोटांच्या मुळाशी रुतते. म्हणून सुरक्षा बूट घालून उकिडवे बसून पाहावे. कड लागली, तर त्याच वेळी बदलून मागावा. आठ तास दुखणारा बूट कामगार हळूहळू टाळू लागतो, लेस सोडून ठेवतो किंवा मागची बाजू दुमडून घालतो. मग ज्या क्षणासाठी तो बूट होता, त्या क्षणी पाय उघडाच राहतो.

भारतीय मानक ब्यूरोचे सुरक्षा पादत्राणांसाठीचे मानक म्हणजे आयएस १५२९८, भाग २. त्यातल्या बुटाची टोपी २०० जूल ऊर्जेचा आघात झेलेल अशी असावी लागते. २० किलो वजनाची वस्तू साधारण एक मीटरवरून पडली, तर जेवढा आघात होतो तेवढा हा असतो. त्याच मानकाच्या भाग ३ मधल्या बुटांची टोपी १०० जूलसाठी असते. दिसायला दोन्ही बूट सारखे असू शकतात, म्हणून खूण वाचणे महत्त्वाचे. बुटावरचे आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर टाकून तपासता येतो.

कातडे आणि जोडणी

जनावराच्या कातड्याचा सर्वांत वरचा, नैसर्गिक पोत न घासलेला थर सर्वांत टिकाऊ असतो. तो पायाच्या आकाराप्रमाणे हळूहळू बसत जातो. डाग झाकण्यासाठी घासून वरून रंगाचा जाड थर दिलेले कातडे चकचकीत दिसते, पण घडीवर लवकर तडकते. त्याखालच्या थरावर प्लॅस्टिकचा मुलामा दिलेले साहित्यही ‘लेदर’ म्हणून विकले जाते. बूट वाकवून पाहावा. चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर मिटतात. मुलाम्यावर एकच कडक घडी पडते.

सोलची जोडणीही पाहावी. कडेने वेगळी चामडी पट्टी शिवून तिला सोल शिवलेला असेल, तर सोल झिजल्यावर नवा बसवता येतो. बाजारातल्या बहुतेक बुटांचा सोल चिकटवलेला असतो. तो हलका आणि स्वस्त, पण दुरुस्तीला मर्यादा. अनेक सुरक्षा बुटांत पॉलियुरेथेनचा सोल थेट ओतून बसवतात. हा सोल दमट हवेत वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला, तर आतून विरतो आणि एके दिवशी चुरा होऊन सुटतो. त्यामुळे जुना साठा सवलतीत घेताना उत्पादनाची तारीख पाहावी.

मधुमेह असेल तर

मधुमेह बरीच वर्षे असलेल्या अनेकांच्या पायांची संवेदना कमी होते. त्यांना बूट चावल्याचे कळत नाही, आणि धोका तिथेच सुरू होतो. न कळलेल्या फोडाची जखम होते, ती चिघळते आणि क्वचित बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. अशा व्यक्तींनी ‘मला तर ठीक वाटतो’ यावर विसंबू नये. कागदावरचे माप आणि बुटाचा आतला तळ ताडून पाहावा. घट्ट वाटणारा बूटच नीट बसला असे संवेदना कमी झालेल्या पायाला वाटू शकते.

नवा बूट सुरुवातीला तास-दोन तासच घालावा आणि काढल्यावर पायावर कुठे लाल चट्टा उठला आहे का, हे पाहावे. घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून खडा, खिळा किंवा उसवलेली शिवण शोधावी. पायाला आधीच जखम किंवा व्यंग असेल, तर बाजारातला तयार बूट घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एमसीआर या मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची पादत्राणे अशा पायांसाठी वापरली जातात.

घेतलेला बूट थोडा चावत असेल तर

चवड्यात थोडासाच आवळणारा अस्सल कातड्याचा बूट कारागिराकडून ताणून घेता येतो. रस्त्याकडेचे गटई कामगार फर्मा घालून एक-दोन दिवसांत हे काम करतात. लांबीला कमी असलेला किंवा पोलादी टोपीचा बूट मात्र ताणून सुधारत नाही; तो बदलूनच घ्यावा लागतो.

बूट एकाआड एक दिवस वापरला, तर आतला घाम सुकतो आणि आकार टिकतो. पावसात भिजलेल्या बुटात कागदाचे बोळे भरून तो सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. ऊन, हीटर किंवा गॅसजवळ ठेवल्यास कातडे आक्रसते आणि नीट बसणारा बूटही पुन्हा चावू लागतो. पावसाळ्यात बूट बंद डब्यात ठेवल्यास बुरशी धरते. टाचेची मागची बाजू मोडू नये म्हणून बूट घालताना शिंग वापरावे, नाहीतर चमच्याची दांडी.

मोठ्यांनीही एकदाच पाय मोजून आयुष्यभर तोच नंबर सांगत राहू नये. वाढलेले वजन, गरोदरपण आणि वय यांनी पाय पसरतो. विशीत सात नंबर घालणाऱ्याला पन्नाशीत तोच नंबर आखूड किंवा अरुंद होऊ शकतो. पुढचा जोड घेण्याआधी एका संध्याकाळी कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे एवढेच लागते.